गवत माझ्यापेक्षा उंच झाले

मित्रांनो, मी एक जुना लॉनमोवर आहे. म्हणजे अंगणातली हिरवळ कापायची, पेट्रोलवर चालणारी आणि मागून ढकलायची चारचाकी वस्तू. माझा रंग मुळात लाल होता. आता तो कुठे गेला ते विचारू नका. पुढचे डावे चाक माझे स्वतःचे नाही. ते एका लहान मुलीच्या मोडक्या तीनचाकीचे आहे, त्यामुळे चालताना मी पावलागणिक किंचित वाकतो आणि लोकांना वाटते मी फार नम्र आहे. पाते मात्र जन्माचेच आहे, आणि ते मुळीच नम्र नाही.

नेब्रास्कातल्या एका लहान गावात, हेझेल कोर्ट नावाच्या बोळात, नोवॉत्नींच्या गॅरेजमध्ये मी राहतो. माझ्या एका बाजूला बर्फ ओढायचे फावडे आणि दुसऱ्या बाजूला मासे पकडायच्या काठ्या आहेत. दोघांनाही हंगाम असतो. मलाही होता. तो कसा गेला, आणि त्यापायी या वयात मला किती धक्के बसले, तेच सांगायला आज बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या वेळी माणसाने दोरी ओढली आणि मी पहिल्याच झटक्याला सुरू झालो. ते पहिले, आणि बराच काळ शेवटचे. पुढे सगळे आयुष्य मी दुसऱ्या झटक्याला सुरू होत आलो. पहिल्या झटक्यात मी फक्त ओढणारा कोण आहे ते बघतो.

हार्लन नोवॉत्नीने मला विकत घेतले तेव्हा त्याचे केस काळे होते. गावच्या धान्याच्या कोठारावर तो वजनकाटा सांभाळायचा. हात असे मोठे की माझा दांडा त्यात चमच्यासारखा दिसायचा. दर शनिवारी सकाळी, शेजारपाजाऱ्यांची झोप पुरी झाली असे वाटण्याची वेळ झाली, की तो मला बाहेर काढायचा. एका शनिवारी तिरके पट्टे या बाजूला, पुढच्या शनिवारी त्या बाजूला. एक पट्टा फिकट, एक गडद. कापून झाले की रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचा आणि टोपी मागे सारून बघायचा. आमच्या हिरवळीकडे बघून पाहुणे पायातले बूट काढायचे. रविवारी चर्चमधून येणाऱ्या बायका आपला आवाज आपोआप खाली आणायच्या. एकदा एक फुलपाखरू त्या हिरवळीवर बसले आणि आपल्यामुळे डाग पडला असे वाटून लगेच उडून गेले. हे मी स्वतः पाहिले आहे.

माझा पराक्रमही काही कमी नव्हता. एका वर्षी मोठी वावटळ आली. तिने मला गॅरेजमधून उचलले, चर्चच्या मनोऱ्याभोवती फिरवले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका अंगणात उतरवले. मी उतरलो तो कापतच उतरलो. त्या घरची माणसे तळघरातून वर आली तेव्हा त्यांचे छप्पर गेले होते, पण हिरवळ अशी झाली होती की त्यांनी आधी तिचाच फोटो काढला.

आमच्या शेजारी डेल्मर श्रॉडर राहायचा. वसाहतीच्या समितीचा तोच प्रमुख. उन्हाळ्यात दर महिन्याला समिती 'या महिन्याचे अंगण' अशी पाटी एका घरापुढे रोवत असे. ती आमच्याकडे इतकी असायची की तिच्या खालच्या गवताला पाटीची सवय झाली होती. डेल्मरचे आणि हार्लनचे यावरून बोलणे व्हायचे, पण भांडण कधी नाही. उलट दोघांमध्ये एक रीत होती. दोन अंगणांमध्ये कुंपण नव्हते. जो आधी कापेल त्याने हद्द ओलांडून दुसऱ्याच्या बाजूचा एक पट्टा जास्त कापायचा. बोलायचे काही नाही, आभार नाहीत. तो पट्टा म्हणजेच 'काय, बरे आहे ना?' असे विचारणे.

मला वाटले, हे असेच चालणार. मग तो ऑगस्टमधला शनिवार आला.

माझ्या दांड्याला एक पट्टी आहे. ती हाताने दाबून धरली तरच मी चालतो. हात सुटला की बंद पडतो. त्या दिवशी ऊन भयंकर होते. आम्ही डेल्मरच्या हद्दीवरून वळलो आणि पट्टी सुटली. मी बंद पडलो. वाटले, हार्लन घाम पुसतोय. मागे पाहिले तर तो त्याच्याच ताज्या पट्ट्यावर पालथा पडला होता, आणि गाल हिरवळीला टेकला होता. डेल्मर पायात एकच चप्पल घालून धावत आला. त्याआधी मी त्याला कधी धावताना पाहिले नव्हते.

हृदयाची एक झडप बिघडली होती. हार्लन घरी परतला, पण डॉक्टरने दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या उन्हाळ्यात झडप बदलायची, आणि मोवर ढकलायचा नाही. त्याआधी नाही, नंतरही नाही.

स्वयंपाकघराचे दार गॅरेजमध्ये उघडते, त्यामुळे घरातले सगळे मला कळते. मुलगी मार्ला ओमाहाहून आली. तिचे म्हणणे सरळ होते. घर विका, ओमाहाला वरच्या मजल्यावर एक घर घ्या, तिथे अंगणच नाही तर कापणे कसले? हार्लनने ऐकूनच घेतले नाही. मग कापायला कुणी ठेवा, असे ती म्हणाली. तेव्हा तो बोलला.

"माझ्या अंगणात दुसरा माणूस मशीन फिरवणार आणि मी खिडकीतून बघणार? त्यापेक्षा मला तिथंच पुरा. माती चांगली आहे."

त्याची बायको आर्डिस तोवर गप्प होती. ती उत्तरेकडच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये, गुरांच्या वाडीवर वाढलेली. तिथे गवताला कुणी पट्टे पाडत नाही. गुरे खातात आणि वारा विंचरतो. ती म्हणाली, "बरं. मग हिरवळच नको."

मला नीट ऐकू आले नाही असे वाटले. बर्फाच्या फावड्याला विचारले. त्यालाही तसेच ऐकू आले होते.

मित्रांनो, पुढचे मी गॅरेजच्या उघड्या दारातून पाहिले. आर्डिसने गावभरातून पुठ्ठ्याची खोकी गोळा केली. फ्रीजची, टीव्हीची, कुणाच्या नव्या संडासाची. ती उलगडून तिने हिरवळीवर अंथरली. माझ्या हिरवळीवर. जिच्यावर फुलपाखरू बसायला बिचकले होते तिच्यावर, 'ही बाजू वर' असे छापलेले पुठ्ठे. वरून पाणी मारले आणि लाकडाचे तुकडे ओतले. अंधारात कोंडली की हिरवळ मरते. हिवाळाभर ती तिथे, बर्फाखाली, पुठ्ठ्याखाली मरत होती आणि मी इथे भिंतीला टेकून उभा होतो. हार्लन गॅरेजच्या दारात खुर्ची उलटी करून, अंगणाकडे पाठ करून बसायचा. माझ्याकडे तोंड असायचे. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहायचो.

वसंतात आर्डिसने पुठ्ठ्याला भोके पाडली आणि रोपे लावली. रोपे कसली, बाळाच्या जावळाएवढे झुबके. निळसर दांड्याचे एक गवत, पुरुषभर उंच होणारे एक, आणि केसांसारखे बारीक एक. ही सगळी या मातीतलीच, गाव बसण्याच्या आधीची. एकदा रुजली की ना खत, ना फवारा, ना शनिवार. वर्षातून एकदा कापायची, बस्स. हे तिने हार्लनला सांगितले तेव्हा मी मोजायला गेलो की एकदा म्हणजे किती. ते फार थोडे होते.

पण वसाहतीचा नियम होता की समोरच्या अंगणातले गवत वीतभरापेक्षा उंच नको. समिती आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसली. आर्डिसने जर्दाळूचा मुरंबा भरलेले कोलाचीचे गोड पाव ठेवले आणि चित्रे दाखवली: डोक्याएवढे गवत, त्याला पिसांसारखे तुरे. डेल्मरने चित्रे लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. शेवटी म्हणाला, "आर्डिस, कोलाची झकास आहेत. पण हे अंगण नाही, हे हरीण लपायची जागा आहे."

तरीही एक उन्हाळा द्यायचे ठरले. सप्टेंबरात बोळातले सगळे रस्त्यावर टेबले मांडून एकत्र जेवतात. त्या दिवशी समिती बघेल. बाग वाटली तर राहील. रान वाटले तर वसंतात पुन्हा हिरवळ घालायची.

लोक गेल्यावर हार्लन शांतपणे म्हणाला, "आणि हिरवळ आली की कापणार मी."

आर्डिस बशा विसळत होती. नळ चालूच राहिला. तिच्यापुढे काय आहे ते तिला कळले आणि मलाही कळले. हे झुबके वाढले नाहीत तर तिचा नवरा पुन्हा माझ्या मागे उभा राहणार, आणि एका शनिवारी माझी पट्टी पुन्हा सुटणार. मला सांगा, ज्याचे सगळे आयुष्य त्या हातांत गेले त्याने काय मागावे? मला काम हवे होते. आणि ते कधीच मिळू नये असेही वाटत होते. त्या आठवड्यात माझ्या टाकीतले पेट्रोल आपोआप आंबट झाले.

जूनमध्ये हार्लनला झडप बदलायला लिंकनच्या इस्पितळात नेले. आर्डिस तिथेच राहिली. आता आमच्या बोळाची एक रीत ऐका. घरात कुणी आजारी पडले की पहिल्या दिवशी दारात काचेची झाकलेली भांडी येतात, चीज घातलेले बटाटे किंवा शेंगांचे कालवण, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचे नाव. नंतर कुणीतरी येऊन त्या घरची हिरवळ कापून जातो. दार वाजवायचे नाही, विचारायचे नाही. विचारले की उपकार होतो, न विचारता केले की शेजार होतो.

आर्डिस नव्हती तेवढ्यात पाऊस पडून तण माजले होते. लाकडाच्या तुकड्यांमधून नाही नाही ते वर आले होते. डेल्मर एका संध्याकाळी हद्दीवर येऊन उभा राहिला. झुबके लावले त्या दिवशी तो तळ्यावर मासे पकडायला गेला होता. चित्रातले गवत त्याने पाहिले होते, डोक्याएवढे. ते कुंड्यांतून, गाडीवरून यायचे आहे अशी त्याची समजूत. समोर होते ते तण, आणि पुठ्ठा फोडून परत आलेली जुनी हिरवळ, असे त्याला वाटले.

त्याच्याबरोबर बोळातले आणखी दोघे होते. त्यांना तो म्हणाला, "मी तिच्या विरुद्ध बोललो, ते वेगळं. पण नवरा इस्पितळात असताना अंगणात रान माजलं म्हणून बिचारी हरली, असं मला नको. हार्लनचंच मशीन घ्या. त्याला कळलं तर बरं वाटेल."

मित्रांनो, झुबके मला माहीत होते. गॅरेजच्या दारातून मी रोज पाहत होतो. डेल्मरने दोरी ओढली. मी सुरू झालो नाही. पुन्हा ओढली. मी हूं की चूं केले नाही. दुसऱ्या झटक्याचा माझा जन्माचा शब्द मी त्या दिवशी मोडला. मी धूर सोडला, तेल गाळले, खोकलो, मेल्याचे सोंग घेतले. पण डेल्मर म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करत म्हातारा झालेला माणूस. त्याने माझा प्लग काढला, खिशातल्या चाकूने खरवडला, आंबट पेट्रोल ओतून टाकून ताजे भरले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल रे म्हाताऱ्या, मालकासाठी."

मालकासाठी म्हटल्यावर इंजिन माझे राहिले नाही. ते सुरू झाले.

लाकडाचे तुकडे गोळ्यांसारखे उडाले. एक तुकडा गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीला लागून ती घंटेसारखी वाजली, आणि आग लागली असे समजून बंब निघाला. पण मला हसू आले नाही. तण कापले जात होते, आणि तणाबरोबर निळसर, बारीक, मऊ काहीतरी पात्याला लागत होते. डेल्मर फार काळजीने कापत होता. तिरके पट्टे पाडत होता, हार्लनसारखे.

हार्लनला इस्पितळात ठेवून आर्डिस गाडीने घरी आली तेव्हा तिघे फुटपाथवर उभे होते. टोप्या हातात, चेहरे शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे. आर्डिस गाडीतून उतरली. दार लावायचे राहिले. गाडीतला रेडिओ गव्हाचा भाव सांगत राहिला.

डेल्मर म्हणाला, "सगळं मोकळं करून ठेवलंय. आता लावायला बरं पडेल. ते तुझं गवत येणार कधी?"

आर्डिस अंगणाकडे बघत म्हणाली, "आलं होतं, डेल्मर."

डेल्मरने अंगणाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हळूहळू तो आमच्या पायरीवर बसला, कुणीतरी खांदे दाबून बसवावे तसा. आर्डिस रडली नाही, ओरडली नाही. ती आत गेली आणि कॉफी घेऊन आली, कारण तिच्या माहेरी पायरीवर बसलेल्या माणसाला कॉफी देतात. मग वाकून तिने एक खुंट बोटाने चाचपला. म्हणाली, की वडिलांच्या कुरणात गुरे असेच बुडापर्यंत खाऊन टाकायची आणि ते परत यायचे. पण ती जुनी मुळे होती. ही तर वसंतातली. आत काही धरले असेल तर येईल. सांगता येत नाही.

डेल्मर लगेच रोपवाटिकेत नवी रोपे आणायला निघाला. तिथे पुढच्या वसंतापर्यंत एकही नव्हते. तो परत आला आणि माझ्याकडे न बघता मला गॅरेजमध्ये लोटून गेला. माझ्या पात्याला अजून तो निळसर रस लागलेला होता. तो वाळेपर्यंत मी डोळे मिटून उभा होतो, आणि मोवरला डोळे असतात का हे कृपा करून आता विचारू नका.

हार्लन घरी आला त्या दिवशी आर्डिसने गाडी मागच्या दाराशी नेली, अंगण दिसू नये म्हणून. पण त्याने उतरल्या उतरल्या काठी टेकत पुढच्या अंगणाकडे चालायला सुरुवात केली. वाटले, आता तो खूश होईल. ज्या झुबक्यांकडे तो पाठ करून बसायचा ते गेले होते. कोपऱ्यावर तो थांबला.

"माझं गवत कुणी कापलं?"

हा धक्का मला वावटळीपेक्षा मोठा होता.

"तुझं?" आर्डिस म्हणाली. "तुझं कधी झालं ते?"

तेव्हा खरे बाहेर पडले. पहाटे, आर्डिस झोपलेली आणि गॅरेजचे दार बंद असायचे तेव्हा, हार्लन स्वयंपाकघरातला काटा घेऊन अंगणात जायचा, पूर्वी पिवळी रानफुले उपटायचा तसा, आणि झुबक्यांमधले तण उपटायचा. दिवसा पाठ करून बसायचा ते केवळ आपला ताठा राखायला. एक झुबका जरा मागे पडला होता, त्याला तो बाटलीने पाणी घालायचा. तो झुबका कुठे होता ते आता त्याला सापडत नव्हते. नवी झडप घातलेला माणूस अंगणभर काठीने शोधत फिरत होता, आणि आर्डिस त्याच्या मागे मागे, आता ती मात्र रडत.

दुसऱ्या संध्याकाळी डेल्मर झारी घेऊन आला. हार्लन खुर्चीत होता, या वेळी अंगणाकडे तोंड करून. डेल्मरने काही म्हटले नाही, हार्लननेही नाही. डेल्मर एकेका खुंटाला पाणी घालत गेला. रोज संध्याकाळी. त्याची स्वतःची हिरवळ जुलैत पिवळी पडली. लोकांनी त्याला सांगितले. तो म्हणाला, हो का.

एका संध्याकाळी हार्लन त्याला म्हणाला, "त्या डावीकडच्याला कमी घाल. बुडवतोस त्याला."

डेल्मर म्हणाला, "बसून हुकूम सोडायला तुला नवी झडप दिली का रे त्यांनी?"

त्या दिवशी मला कळले की शेजार वाचला. गवताचे अजून कळायचे होते.

गवत आले. आधी सुईएवढे, मग बोटाएवढे. सप्टेंबरात टेबले रस्त्यावर आली तोवर कुठे घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्याखाली. दोनचार बारीक तुरे होते. ते केसांसारखे गवत फुलले होते आणि त्याला मक्याच्या लाह्यांचा वास येत होता. लहान पोरे लाह्यांचे टेबल शोधत आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. पण समितीची माणसे हाताची घडी घालून बघत होती. मधे मधे रिकाम्या जागा फार होत्या. एका बाईने हळूच म्हटले की चित्रात होते तसे हे नाही. आर्डिसच्या हातात बटाट्याच्या कोशिंबिरीचे भांडे होते, ते खाली ठेवायचे तिला सुचत नव्हते. हार्लन माझ्या गॅरेजकडे बघत होता. तो वसंतातला शनिवार त्याला दिसत होता, आणि मला दिसत होता त्याच्यानंतरचा.

सगळे डेल्मरकडे वळले. प्रमुख तोच.

डेल्मरने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "गारपीट झालेल्या शेतावरून कुणी शेतकऱ्याची पारख करत नाही. करतो का कुणी? त्याला पुढचं वर्ष देतात. हे अंगण गारपिटीत सापडलं. आणि ती गार म्हणजे मी."

मग हार्लन हसला, छाती धरून, आणि आर्डिस घाबरून त्याच्याकडे धावली, आणि तो हसतोच आहे हे पाहून तीही हसली. पुढचे वर्ष मिळाले.

आता माझे पुढचे वर्ष ऐका. माझी टाकी रिकामी केली गेली. मला कोपऱ्यात लोटले. माझ्या दांड्यावर लाइफजॅकेटे टांगली गेली. एका आठपायी कोळ्याने दोरीपासून चाकापर्यंत असे जाळे विणले की पुढे तो ते भाड्याने देऊ लागला. शनिवार यायचे आणि जायचे. बोळातले बाकीचे मोवर गुरगुरायचे, आणि मी ऐकत राहायचो. मित्रांनो, ज्याचा आवाज कुणाला लागत नाही त्याला आपण अजून आहोत की नाही हेच समजत नाही.

आणि बाहेर गवत वाढत होते. जुलैत ते माझ्या झाकणाएवढे झाले. ऑगस्टात दांड्याएवढे. सप्टेंबरात ते माझ्यावरून, हार्लनवरून पार गेले आणि वरून आम्हा सगळ्यांकडे बघायला लागले. सगळे आयुष्य मी गवताकडे वरून पाहिले होते. गवत वरून कसे बघते ते मला पहिल्यांदा कळले. तुच्छतेने नाही बघत. वाऱ्याने हलत हलत बघते. निळसर दांड्या तांबूस झाल्या. पिवळे पक्षी तुऱ्यांवर लोंबकळायला लागले. हार्लन त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्यावरून त्याची फक्त टोपी दिसायची. ती हलली की आर्डिस निश्चिंत होऊन खिडकीतून मागे वळायची. 'या महिन्याचे अंगण' ही पाटी समितीने रोवली, पण गवतात ती कुणाला दिसेना, म्हणून काढून झाडाला बांधावी लागली.

हिवाळ्यातही त्यांनी ते कापले नाही. बर्फ तुऱ्यांवर बसला, आणि मी समजलो की मला आता कुणी बोलावणार नाही.

मग हिवाळा संपता संपता, नवे कोंभ जमिनीत हलायला लागण्याच्या आधी, गॅरेजचे दार उघडले. लाइफजॅकेटे निघाली. कोळ्याला हार्लनने काडीवर घेऊन बाहेर ठेवले. माझे पाते पुसले, तेल बदलले. आर्डिस अंगणात उंच झुबक्यांच्या कमरेला सुतळी बांधत होती आणि मोठ्या कात्रीने ते कापून पेंढ्या करून ठेवत होती. उरलेले बुटके गवत माझ्यासाठी होते. माझी चाके जितकी वर जातील तितकी वर केली, म्हणजे मी जमीन खरवडू नये. वर्षातून एकदा म्हणतात ते हेच.

डेल्मर ढकलणार होता. त्याने दोरीला हात घातला तेवढ्यात हार्लन खुर्चीतून उठला.

"ओढायचं मी."

आर्डिस म्हणाली, "एकदाच. डॉक्टरनं एकदाच म्हटलंय."

"एकदाच ओढतो," हार्लन म्हणाला. "हा मेला दुसऱ्या झटक्याला सुरू होतो, ते डेल्मर बघेल."

त्याचा हात दोरीवर आला. हात हलका झाला होता, त्वचा पातळ झाली होती. पण ओढणारा कोण आहे ते बघायची गरज नव्हती. मी पहिल्या झटक्याला सुरू झालो.

हार्लन दचकून मागे सरला. तेवढा एक धक्का मी त्याला दिला.

आम्ही कापत हद्दीपर्यंत आलो. माझी जुनी सवय, पुढे डेल्मरच्या बाजूचा एक पट्टा जास्त कापायची. मी वाकत वाकत वळायला लागलो आणि डेल्मरने मला थांबवले. त्याच्या हिरवळीवर, हद्दीला लागून, माझ्या रुंदीचा एक पट्टा पुठ्ठ्यांनी झाकलेला होता. वर 'ही बाजू वर' असे छापलेले. हार्लनने ते पाहिले. टोपी मागे सारली. बोलला काही नाही, आणि आभार तर नाहीतच.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. दोरी ओढण्यापूर्वी एकदा खाली वाकून बघा, तिथे काय उगवते आहे ते. उंच वाढणारे कधीकधी फार लहान असते. आणि वर्षातून ज्याचे काम एकदाच असते त्याचे पाते पुसून ठेवा, त्याला तेल द्या. तो कोपऱ्यात उभा राहून त्या एका दिवसाची वाट बघत असतो.